दिएंगच्या पठारावर अक्का

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, नाक करोनात गेलं. ताप उतरला, खोकला मागे हटला, अशक्तपणाही हळूहळू गेला. पण वास काही परत आला नाही. सुरुवातीला तिनं हे कुणाला सांगितलंच नाही. एकदा मी हैदराबादेतच बरकतपुऱ्याहून तिच्याकडं चिक्कडपल्लीला गेले, तर जिन्यातच करपल्याचा वास आला. वर जाऊन पाहते तो दूध आटून पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि अक्का शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेली.

"अगं अक्का, दूध!" मी ओरडले.

ती उठली, गॅस बंद केला आणि पातेल्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मला कळतच नाही गं. कशाचाच वास येईना झालाय. किती दिवस झाले बघ."

जे अक्काला ओळखत नाहीत त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. पण अक्का म्हणजे नाक होतं. अफझलगंजला मसाल्याचं सामान आणायला गेली की दुकानदार पोतं उघडून आधी तिच्यापुढं मूठ धरायचा. "अम्मा, तुम बोलो." दगडफूल नुसतं हुंगून ती सांगायची, हे गेल्या साली आलेलं आहे, आतलं काढ. नात्यातल्या कुठल्याही घरचा काळा मसाला तिनं हुंगल्याशिवाय डब्यात जात नसे. पोर खेळून आलं की त्याला ताप चढणार हे ती थर्मामीटरच्या आधी त्याच्या डोक्याचा वास घेऊन सांगायची. नवरा गेल्यावर त्याचे सदरे तिनं कितीतरी दिवस धुवायला टाकले नव्हते. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं.

दुधाच्या पातेल्यानंतर काही दिवसांनी तिच्या गॅसची नळी गळायला लागली. शेजारच्या तेलुगू बाईंनी दार बडवलं म्हणून कळलं, नाहीतर अक्का देवापुढं निरांजन लावायच्या बेतात होती. भाच्यानं, अक्काच्या मुलानं, मग गॅस काढून विजेची शेगडी आणून दिली. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट बघा. अक्कानं वाट बघितली आणि मग तेही सोडून दिलं. जेवायची, पण कापूस चावल्यासारखी. लोकांकडं जाणं कमी झालं. बोलणं तर मुळातच कमी होतं.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जकार्तात राहते. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून तिचा धोशा चालला होता, आई, ये, आणि मावशीला घेऊन ये. अक्का तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं एकदाच विचारलं, "तिथं बघायला काय आहे?"

"ज्वालामुखी आहेत म्हणे," मी म्हटलं.

"मग येते. नाक गेलं तर गेलं, डोळे आहेत तोवर बघून घेते."

जकार्तात आठवडा काढल्यावर मुलीनं आम्हा दोघींना योग्यकार्ताला पाठवलं. तिला रजा नव्हती. तिनं तिथं हॉटेल ठरवलं आणि एका दिवसाची सहलही ठरवून दिली. उत्तरेला दिएंग नावाचं एक उंच पठार आहे, जुन्या ज्वालामुखीच्या डोक्यावर वसलेलं. सकाळी गाडी घेऊन वाटाड्या येईल, दिवसभर हिंडवेल, संध्याकाळी परत सोडेल.

उजाडायच्या आधीच तो आला. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. गाडी तोच चालवायचा आणि माहितीही तोच सांगायचा. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. अक्काला इंग्रजी समजतं, पण बोलायचा कंटाळा. तो मुसलमान आहे एवढं कळल्यावर तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं की याला उर्दू येणारच, आणि सरळ हैदराबादी सुरू केली.

"सलाम आलेकुम भाई. रास्ता कित्ता दूर है जी? जल्दी नक्को, हल्लू चलाओ."

त्याला सलामापलीकडं काही कळलं नाही. पण तो इतका खूश झाला की वळून वळून तिच्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, बाबा, पुढं बघ. त्यानंतर दिवसभर त्या दोघांचं हे असंच चाललं. ती हैदराबादीत विचारायची, तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. आणि गंमत म्हणजे मधेच एखादा शब्द दोन्हीकडं सारखाच निघायचा. दुनिया म्हणजे दुनियाच. भाषेला ते 'बहासा' म्हणतात. एका चढावर समोर ट्रक अडकला होता, अक्का चुळबुळ करायला लागली, तर तो म्हणाला, "सबार, इबू, सबार." इबू म्हणजे आई. सबार म्हणजे आपलं सबूर, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

उजाडलं तेव्हा उजव्या हाताला एक डोंगर दिसायला लागला. त्याच्या टोकावरून कापसाच्या वातीसारखा धूर वर निघाला होता आणि वर जाऊन एका बाजूला कलला होता. मला वाटलं ढग आहे.

"मेरापी. ज्वालामुखी," वाटाड्या म्हणाला. "जागा आहे तो. रोज काहीतरी बोलतो."

त्यानं हे अशा सुरात सांगितलं, जसं आपण गल्लीतल्या एखाद्या तापट म्हाताऱ्याबद्दल सांगतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी घरं होती, शाळेची पोरं गणवेश घालून सायकलवर निघाली होती, एक बाई अंगण झाडत होती.

आम्ही हैदराबादची माणसं. आमच्याकडं दगड काही कमी नाहीत. घरामागं दगड, रस्त्याच्या मधे दगड, एकावर एक रचून ठेवल्यासारखे हत्तीएवढे दगड. पण ते सगळे कधीचेच निवून गेलेले. त्यांच्यावर बसावं, पाठ टेकावी. जमीन हा एक संपलेला विषय आहे, असंच मी जन्मभर धरून चालले होते. त्या सकाळी गाडीच्या काचेतून तो धूर बघताना पहिल्यांदा माझी ती समजूत ढळली. हे अजून चालू आहे, असं वाटलं.

पुढं रस्ता दोन प्रचंड डोंगरांच्या मधून गेला. दोन्ही अगदी शंकूसारखे, एकमेकांकडं तोंड करून बसलेले. वाटाड्या म्हणाला, हे दोघे भाऊ, सुंबिंग आणि सिंदोरो. गाडी त्यानं कडेला घेतली. आम्ही उतरलो. ढग त्यांच्या कमरेला होते आणि माथे त्याच्याही वर, स्वच्छ निळ्यात. मान मागे टाकून बघावं लागत होतं. अक्काचा पदर वाऱ्यानं उडून चेहऱ्यावर आला, तो तिनं बाजूला केला नाही, पदरातूनच बघत राहिली.

"एवढं मोठं कशाला केलं असेल गं," ती म्हणाली.



दिएंगला पोचेपर्यंत कान दडपले होते आणि हवा चांगलीच गार झाली होती. जावा म्हणजे घामाचं बेट, अशी आमची समजूत. इथं अक्कानं साडीवर स्वेटर, त्यावर शाल आणि कानटोपी घातली. पायात मुलीनं घेऊन दिलेले बूट. डोंगर पायापासून माथ्यापर्यंत बटाट्याच्या वाफ्यांनी भरले होते. माती काळीभोर होती, आमच्या बीदरकडच्या गावच्या रानासारखी. आणि त्या शेतांच्या मधून, घरांच्या बाजूनं जाड चंदेरी नळ गेले होते. जमिनीतली वाफ त्यातून नेतात आणि तिच्यावर वीज करतात, असं वाटाड्यानं सांगितलं. एका घराच्या मागं बाई कपडे वाळत घालत होती, आणि तिच्या दोरीपलीकडं उघड्या जमिनीतून पांढरी वाफ निघत होती. तिचं तिकडं लक्षही नव्हतं.

गाडी लावल्यावर वाटाड्या आमच्यापुढं उभा राहिला. आता तो हसत नव्हता.

"इथून आपण सिकिदांगच्या कुंडाकडं चालत जाऊ," तो म्हणाला. "वास येईल. नासलेल्या अंड्यासारखा. घाबरू नका, तो गंधकाचा आहे. पण वास फार वाढला, डोळे चुरचुरले, तर वारा जिकडून येतोय तिकडं चालायला लागा. आणि येत असलेला वास एकदम बंद झाला, तर मला लगेच सांगा. वायू जास्त झाला की नाक काम करायचं सोडतं."

मी हे अक्काला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं तर केव्हाच सांगायला पाहिजे होतं की."

मला हसू आलं, पण लपवण्यासारखी ही गोष्ट नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. तो गंभीर झाला.  मला वाटलं, आता म्हणणार की यांनी गाडीत बसावं. अक्कालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं शाल घट्ट लपेटली आणि त्याच्या आधीच चालायला लागली.

"इबू," तो मागून म्हणाला, "माझ्याजवळ राहा. आज तुमचं नाक मी." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आणि असाही एक वायू इथं असतो की ज्याला वासच नाही. त्याच्यापुढं आपण सगळे सारखेच."

अक्काला मी ते सांगितलं. तिला ते फार आवडलं. "सगळे सारखेच," ती दोनदा म्हणाली.

लाकडी फळ्यांच्या वाटेवर एक लाल पाटी होती. तिच्यावर रोमन अक्षरांत लिहिलं होतं ते अक्कानं अक्षर लावत वाचलं. "ब, हा, या. म्हणजे काय रे भाई?" वाटाड्यानं दोन्ही हात वर करून, डोळे मोठे करून दाखवले. धोका. "भय म्हणायचंय त्याला," अक्का म्हणाली. "आपलंच आहे की."

मग लाकडी वाट संपली आणि हिरवं सगळं एकदम संपलं.

समोर जमीन पांढुरकी, राखाडी, मधेमधे पिवळी. झाडाचं नाव नाही. काही वाळके बुंधे तेवढे उभे. आणि जागोजाग जमिनीला भेगा, छोटी भोकं, त्यातून वाफ. काही ठिकाणी बारीक फुसफुस, काही ठिकाणी कुकरची शिट्टी अडकून बसल्यासारखा आवाज. पायाखालची माती कोमट लागत होती, बुटातून कळत होती. मी माझ्या नाकावर पदर दाबला होता. वास भयंकर होता. वाटाड्यानं मास्क चढवला होता, येणारेजाणारे सगळे तोंड वाकडं करून नाक धरून चालले होते. एकटी अक्का उघड्या तोंडानं, देवळात गेल्यासारखी, हळूहळू पुढं जात होती.

मोठं कुंड कठड्याच्या आत होतं. आम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलो. आत करडा चिखल उकळत होता. उकळत होता म्हणजे पिठलं रटरटतं तसा नाही. खालून कुणीतरी प्रचंड माणूस खांद्यानं झाकण वर ढकलतोय, असा. चिखलाचा घुमट वर यायचा, ताणायचा, फुटायचा आणि धप्पकन खाली बसायचा. तोवर दुसरीकडं दुसरा वर आलेला असायचा. त्या प्रत्येक धप्प्याचा हादरा कठड्याच्या लोखंडातून माझ्या तळव्यात येत होता. वाटाड्या सांगत होता, त्याच्या लहानपणी हे उकळतं कुंड इथं नव्हतं, पलीकडं त्या टेकाडापाशी होतं. ते जागा बदलतं. इथले लोक म्हणतात, खाली हरणाच्या तोंडाचा एक राजपुत्र गाडलेला आहे. त्याला फसवणाऱ्या राजकन्येवर तो अजून चिडलेला आहे आणि वर यायला इकडं तिकडं उड्या मारतो.

हे ऐकत असताना वारा फिरला.

एवढा वेळ वाफ पलीकडं जात होती, ती एकदम वळली आणि आमच्यावर आली. क्षणात सगळं पांढरं. कठडा दिसेना, माझा हात मला दिसेना. अंगाला ओली ऊब, चष्म्यावर पाणी, घशात खवखव. कुठंतरी जवळच तो चिखल धप्प धप्प आपटत होता आणि आता तो समोर आहे की मागं, ते कळत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला असं वाटलं की मी जमिनीवर उभी नाही, कुणाच्या तरी अंगावर उभी आहे. त्याला माझी खबरही नाही. त्या पांढऱ्यात मी भ्यायले, पण नुसती भ्यायले नाही. त्या भीतीत हात जोडावेसे वाटत होते.

"इकडं! इकडं या!" वाटाड्याचा आवाज आला. त्यानं माझा दंड धरला आणि वाऱ्याच्या तोंडाकडं ओढलं. मी अक्काचा हात धरायला गेले, तर ती हलेना.

"अक्का, चल!"

"थांब."

"अगं थांब काय? चल म्हणतेय!"

"थांब गं. वास यायलाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वाटाड्यानं तोवर तिचाही हात पकडून आम्हा दोघींना वाफेतून बाहेर काढलं. मोकळ्यावर आल्यावर मी चष्मा पुसला आणि अक्काकडं बघितलं. तिच्या पापण्यांवर, कानटोपीच्या लोकरीवर थेंब होते. ती मागे वळून वाफेकडं बघत होती.

"घाण वास यायलाय," ती म्हणाली. "सडक्यासारखा. नासलेलं काहीतरी."

मला विश्वास ठेवायचा नव्हता. ठेवला आणि खोटा निघाला तर काय, अशी भीती वाटली. अक्काला नाक गेल्यावरसुद्धा फोडणीतली मिरची झोंबायची, ठसका लागायचा. झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. मी तेच म्हटलं, "अक्का, झोंबलं असेल गं तुला."

"मी काय खुळी आहे का? झोंबायलेलं कळतं मला."

वाटाड्यानं विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि अक्काला वाटेच्या कडेला, एका लहान भोकापासून सुरक्षित अंतरावर उभं केलं. तिला डोळे मिटायला सांगितले. त्या भोकातली वाफ कधी आमच्याकडं यायची, कधी दुसरीकडं जायची. "वास आला की हात वर करा, इबू. गेला की खाली."

अक्का डोळे मिटून उभी राहिली. स्वेटर, शाल, कानटोपी, इरकली साडी. शेजारी एक बाई त्या कुंडात उकडलेली अंडी विकत बसली होती, तीही बघायला लागली. वाफ पलीकडं वळली. अक्काचा हात खालीच. वाफ आमच्याकडं आली, मला वास आला, आणि अक्काचा हात वर गेला. वारा पडला, हात खाली आला. पुन्हा वाफ, पुन्हा हात. एकदा तर तिचा हात माझ्या आधी वर गेला. मी म्हणणार होते की चुकली, तेवढ्यात माझ्याही नाकाला तो भपकारा लागला.

मी रडायला लागले. अंडीवाल्या बाईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मला कागदात गुंडाळून एक अंडं दिलं. आम्ही अंडं खात नाही, पण मी ते घेतलं आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिले. गरम होतं.

अक्का मात्र रडली नाही. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. "काय घाण आहे गं," ती म्हणत होती. "शी! काय घाण वास आहे!" आणि पुन्हा श्वास ओढत होती. शेवटी वाटाड्यानंच तिला हाताला धरून तिथून हलवलं. "बास इबू, जास्त नको. हे विषच आहे." तिनं मान डोलावली, पण मागं बघत बघत निघाली.

बाहेर एका टपरीवर बटाट्याचे काप तळत होते. मी अक्काला मुद्दाम तिथं नेलं. खरपूस वास सुटला होता. "येतोय?" अक्कानं वाकून बघितलं. "नाही." मी बाजूच्या दुकानातली पपईसारखी छोटी फळं पाकात घातलेली बाटली उघडायला लावली. "आता?" "नाही." माझा चेहरा उतरला. तिचा उतरला नाही. "एक तर आलाय ना," ती म्हणाली. "दार उघडलंय म्हणजे बाकीचेही येतील. नाही आले तरी हा आहे."

तिथून पुढं तळं होतं. रंगीत तळं म्हणतात त्याला. दाट झाडीतून वाट गेली आणि एकदम ते समोर आलं. अर्धं पाणी शेवाळी हिरवं, अर्धं निळसर दुधाळ, आणि मधे दोन्ही रंग मिसळतात तिथं नाव देता येणार नाही असा एक रंग. काठाला पांढरे पडलेले बुंधे पाण्यात उभे. वारा नव्हता. मघाचं ते सगळं गर्जणं, फुसफुसणं, आणि आता हे. फक्त मधेमधे पाण्याच्या तळातून बुडबुड्यांची एक माळ वर यायची आणि विरून जायची. त्याच आगीवर हे पाणी असं निवांत पसरलं होतं. आम्ही एका आडव्या खोडावर बसलो.  वाटाड्या रोज येत असेल, तरी टोपी काढून मांडीवर ठेवून बसला होता. मग अक्का हळूच म्हणाली, "इथंही आहे. बारीक आहे, पण आहे." मी नाक वर करून बघितलं. होता. अगदी पुसट, गंधकाचा.

परतीच्या वाटेवर गावाच्या कडेला गरम पाण्याचे झरे होते. डोंगरातून आलेलं पाणी सिमेंटच्या टाक्यांत सोडलं होतं. पुरुषांची एक टाकी, आणि भिंतीपलीकडं बायकांची. वाटाड्या बाहेर चहा पीत थांबला. आत दोन-तीन बायका होत्या, बटाट्याच्या रानातून आलेल्या, हातापायांना काळी माती, डोक्यावर रुमाल. अंगावरच्या कपड्यांसकट गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या सरकल्या आणि पाण्यावर थाप मारून म्हणाल्या, या.

मी पाय सोडून बसणार होते. अक्कानं शाल, स्वेटर काढलं, बूट काढले आणि साडीसकट सरळ पाण्यात उतरली. "आई गं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. मग मीही उतरले. पाणी चांगलं कडक होतं. गुडघ्यांत साठलेली सगळी थंडी, सगळा प्रवास त्यात सुटायला लागला. वरून बारीक भुरभुर पाऊस पडत होता, चेहऱ्यावर गार थेंब आणि मानेपासून खाली ऊब. भिंतीवरून डोंगर दिसत होता आणि त्याच्या पोटातलं पाणी आमच्या अंगाला लागत होतं. हे पाणी किती खालून आलं असेल, कशाला शिवून आलं असेल, असं मनात आलं आणि अंगावर काटा आला, त्या गरम पाण्यातही.

सगळ्यात म्हातारी बाई अक्काला काहीतरी विचारत होती. अक्का तिला हैदराबादीत सांगत होती, "मेरी नाक बंद थी अम्मा, आज खुल गई." आणि नाकाकडं बोट दाखवत होती. ती बाई नाकाकडं बघून खळखळून हसली, पाण्याची ओंजळ भरून तिनं अक्काच्या डोक्यावर घातली. अक्कानं तिच्या डोक्यावर घातली. मग त्या सगळ्याच हसायला लागल्या.

थोड्या वेळानं अक्का माझ्याकडं सरकली. "तुला सांगू?" ती म्हणाली. "वास गेला तेव्हा मला वाटायचं, मी मेलेय आणि कुणाला कळलं नाहीये. सगळे माझ्याशी बोलायलेत, मीही बोलायलेय, पण मी तिकडं काचेच्या पलीकडं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, म्हातारी काहीतरी बडबडते म्हणाले असते."

"मला सांगायचंस."

"आता सांगितलं की."

रात्री हॉटेलवर पोचल्यावर मुलीचा फोन आला. मी घाईघाईनं तिला सगळं सांगायला लागले, पण अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला. "आधी मी बघितलेलं सांगते," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ ती त्या उकळत्या चिखलाचंच सांगत राहिली. नाकाचं तिनं शेवटी, जाता जाता सांगितलं.

हैदराबादला परतल्यावर डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, वास येणारच होता, कदाचित हळूहळू परतही येत होता, तुम्हाला कळलं तिथं जाऊन, कारण तो वास इतका जबरदस्त. लवंग, लिंबू, गुलाब असं काही रोज हुंगायला सांगितलं. अक्का हुंगते. पुढच्या महिन्यांत काही वास आले, काही भलतेच आले. कॉफी तिला कितीतरी दिवस जळक्या रबरासारखी लागत होती. उदबत्तीचा अजून येत नाही. लिंबाचा येतो, ओल्या मातीचा येतो, नातवाच्या घामाचा येतो. विजेची शेगडी तिनं ठेवली आहे; म्हणते, नाकावर भरवसा ठेवायचा नाही.

मात्र बोलायला लागली. इमारतीतल्या बायका दुपारी तिच्याकडं येऊन बसतात, तेव्हा ती जावाचं सांगते. शंकराची जुनी काळी देवळंही त्या पठारावर आहेत, आम्ही लांबून पाहिली होती, आणि बायकांना आधी देवळांचंच ऐकायचं असतं. अक्का ते दोन वाक्यांत उरकते आणि कुंडावर येते. हातांनी चिखलाचा घुमट दाखवते, तोंडानं धप्प आवाज करते.

परवा मी तिथं बसले होते. शेजारच्या त्याच तेलुगू बाईंनी विचारलं, "अक्का, डर नै लगा तुमकू?"

"लगा ना," अक्का म्हणाली. "बहोत लगा." मग हातातला चहा खाली ठेवून माझ्याकडं वळली. "पण ते डर येगळं होतं. मुलांचं काय होईल, दुखणं आलं तर कोण बघेल, ते डर नाही. एवढं मोठं काहीतरी समोर होतं, आणि मी त्याच्यासमोर उभी होते. बस." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण शब्द मिळाले नाहीत, म्हणून तिनं पुन्हा दोन्ही हात वर उचलले आणि तो घुमट फुगवायला सुरुवात केली.